गवताच्या पात्यावरचा पहारा

दसरा उलटून गेला आणि पावसाने खरोखरच काढता पाय घेतला अशी खात्री पटली, की ठाणे-पालघरकडच्या डोंगरउतारांवर विळे चालू लागतात आणि कंबरभर वाढलेले गवत ओळीओळीने आडवे होऊ लागते. अशाच एका दुपारी कापणीवाल्यांपैकी कोणीतरी ओढ्यावर धुऊन कुंपणावर पसरलेले धोतर माझ्या डोळ्यांदेखत दोन तासांत खडखडीत वाळले. परंतु त्याच उन्हात, त्याच वाऱ्यात, त्या वस्त्राहून फारसे जाड नसलेले गवताचे पाते मी संध्याकाळी उचलून पाहिले, तेव्हा ते बोटांना थंड आणि लवचिक लागले, आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळीही त्याला वाळले असे म्हणण्याची सोय नव्हती. एवढ्याशा पात्याने एवढा वेळ का घ्यावा, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून राहिला. आणि त्याचे उत्तर पात्याच्या पृष्ठभागावर, डोळ्यांना न दिसणाऱ्या एका मेणाच्या थरात दडलेले आहे हे समजले, तेव्हा गवत वाळवण्याच्या साऱ्या व्यवहाराकडे मी निराळ्या दृष्टीने पाहू लागलो.

आधी पाण्याचा हिशेब मांडून पाहू. कोवळ्या, रसरशीत गवताच्या वजनात शेकडा ८० भाग पाणी असते. फुलोऱ्यावर येऊन पक्व झालेल्या गवतात ते काहीसे कमी भरते. गंजीत निर्धास्तपणे रचण्याजोग्या वाळल्या गवतात मात्र शेकडा १५ च्या आसपासच पाणी उरलेले असावे लागते. म्हणजे एक टन वाळले गवत हाती यायचे, तर कोवळे गवत सव्वाचार टन कापले पाहिजे, आणि त्यातील सव्वातीन टन पाणी ऊन आणि वारा यांच्या हवाली केले पाहिजे. धोतरातील पाणी सुताच्या धाग्यांत नुसते अडकलेले असते, त्याला हवेत निघून जाण्यास कोणाची परवानगी लागत नाही. गवतातील पाणी असंख्य पेशींच्या आत कोंडलेले असते, आणि त्या पेशींभोवती वनस्पतीने आपल्या हयातीत जो बंदोबस्त करून ठेवलेला असतो, तो कापणीनंतरही उठत नाही.

जिवंत पानातून पाणी बाहेर पडण्याला दोन वाटा आहेत. पहिली पर्णरंध्रांची. ही सूक्ष्म छिद्रे पूर्ण उघडी असतानाही पानाच्या क्षेत्रफळापैकी शेकडा एक-दोन भागच व्यापतात. पण पानातून उडून जाणाऱ्या पाण्यापैकी नऊ-दशांशाहून अधिक पाणी त्यांच्याच वाटे जाते. दुसरी वाट म्हणजे उरलेला सगळा पृष्ठभाग, ज्यातून पाणी कसेबसे झिरपते. गवत कापले की मुळांकडून येणारा पुरवठा तत्क्षणी तुटतो, तथापि पान त्या क्षणी मरत नाही. त्याच्या पेशी पुढे कित्येक तास श्वसन करीत राहतात आणि त्या श्वसनात स्वतःचीच साखर खर्ची घालतात, म्हणून वाळण्यास लागणारा प्रत्येक तास गुरांच्या वैरणीतून काहीतरी कमी करीत असतो. पाणी घटू लागले की रंध्रांच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशी ढिल्या पडतात आणि तास-दोन तासांत ही रंध्रे मिटू लागतात. तोवर, घालवावयाच्या पाण्यापैकी फार तर पाव ते तृतीयांश हिस्सा गेलेला असतो. बाकीच्या पाण्याला त्या दुसऱ्या, बिकट वाटेनेच जावे लागते; आणि गवत वाळवण्याचा सारा विलंब हा त्या वाटेवरचा विलंब आहे.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. पर्णरंध्रे उजेडात उघडतात आणि अंधारात मिटतात, व हा त्यांचा धर्म कापल्यानंतरही थोडा काळ टिकतो. कापलेले गवत लागलीच उन्हात पातळ पसरले, तर वरच्या पात्यांची रंध्रे अधिक वेळ उघडी राहतात आणि तेवढ्या वेळात पाणी मोकळेपणाने निघून जाते. तेच गवत कापल्याबरोबर ढीग करून किंवा हिरव्या भाऱ्यांत बांधून ठेवले, तर आतला अंधार रंध्रांना मिटण्याचा हुकूम देतो आणि फुकटात उघडी असलेली दारे आपल्याच हातांनी लावून घेतल्यासारखे होते. सकाळी कापून सायंकाळपर्यंत भारे तसेच पडून असलेले मी अनेक ठिकाणी पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी मला त्या गेलेल्या तासांची हळहळ वाटली आहे.

आता त्या बिकट वाटेविषयी. गवताच्या पात्यावर, अपित्वचेच्या पेशींच्या बाहेरच्या अंगाला, उपत्वचा नावाचा एक अखंड पापुद्रा असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या घरात, आणि पुष्कळदा त्याहूनही कमी. क्यूटिन नावाच्या चिवट पदार्थाची ही जाळी आहे, आणि त्या जाळीच्या आत व तिच्या वर मेण भरलेले असते. हे मेण म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्या, एकेका साखळीत २० पासून ३० हून अधिक कार्बन-अणू. गव्हासारख्या पुष्कळ तृणांच्या पानांवर तर २६ किंवा २८ कार्बनांची अल्कोहोलेच प्रामुख्याने सापडतात. अशा साखळ्यांना पाण्याशी मुळीच सख्य नसते. मोळीतल्या काड्यांप्रमाणे त्या एकमेकींना चिकटून उभ्या राहतात, त्यांच्या घट्ट स्फटिकांतून पाण्याच्या रेणूला शिरकाव मिळत नाही, आणि स्फटिकांच्या मधल्या सैल जागा शोधत, वळसे घेत घेतच त्याला बाहेर पडावे लागते.

उपत्वचा जितकी जाड तितका पहारा कडक, असे सहजच वाटेल. परंतु ते खरे नाही. शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या पानांच्या उपत्वचा सोडवून घेतल्या, पाण्याने भरलेल्या लहानशा पात्रांच्या तोंडावर त्या ताणून बसवल्या आणि किती पाणी उडून जाते ते वजनाने मोजले, तेव्हा जाडीचा आणि पाणी अडवण्याचा फारसा मेळ बसला नाही. उलट क्लोरोफॉर्मसारख्या द्रवाने मेण तेवढे धुऊन काढताच, जाडी होती तशीच राहूनही, त्याच पापुद्र्यातून पाणी कित्येक पट, आणि काही वनस्पतींच्या बाबतीत शेकडो पट वेगाने जाऊ लागले. क्यूटिनची जाळी ही नुसती भिंतीची चौकट. खरा अटकाव मेणाचा, आणि तोही मेण किती आहे यापेक्षा ते कसे रचले गेले आहे यावर अवलंबून.

मेणाचे हे रूप मराठी माणसाला नवे नाही. अळवावरच्या पाण्याची उपमा आपण पिढ्यानपिढ्या देत आलो आहोत, आणि त्या पानावरून पाण्याचा थेंब मोत्यासारखा घरंगळत जातो तो पृष्ठभागावरच्या मेणाच्या सूक्ष्म उंचवट्यांमुळेच. कमळाच्या पानावरचा असाच प्रकार जर्मनीतील बॉन येथील वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट आणि ख्रिस्तोफ नाइनहाउस यांनी १९९७ साली सविस्तर उलगडून दाखवला, आणि तेव्हापासून जगभर त्याला कमळाच्याच नावाने ओळखतात. मात्र थेंबाला बाहेर ठेवणारे वरचे मेण आणि आतल्या पाण्याला आत ठेवणारे मेण यांत थोडी तफावत आहे: पुष्कळ वनस्पतींत पाणी अडवण्याचे मुख्य काम जाळीच्या आत मुरलेले मेणच करते. म्हणून पात्यावर पडलेले दव आणि पात्यातील रस यांची गल्लत करता कामा नये. सकाळच्या दवाने ओलेचिंब दिसणारे गवत सूर्य वर आल्यावर घटकाभरात कोरडे होते, कारण ते पाणी पहाऱ्याच्या बाहेर आहे. आतले पाणी त्यानंतरच आपल्या वाटेला लागते.

उन्हाचे काम कोणते, तेही येथेच स्पष्ट होते. जिवंत पान रंध्रांतून पाणी सोडते तोवर ते स्वतःला थंड राखते. रंध्रे मिटली की हा गारवा बंद पडतो आणि तापलेल्या जमिनीवर पसरलेले पाते भोवतालच्या हवेहूनही अधिक तापते. उष्णता वाढते तशा मेणाच्या साखळ्या सैल होतात, आणि ३५ अंश सेल्सियसच्या पुढे तर उपत्वचेतून पाणी झिरपण्याचा वेग झपाट्याने वाढत जातो. ऑक्टोबरच्या ज्या तापाने माणसे कासावीस होतात, तोच ताप पात्यावरचा पहारा ढिला करतो. युरोपच्या उत्तरेकडील शेतकऱ्याला हे सुख नाही. नॉर्वेत तर ओलसर हवेत जमिनीवर गवत वाळण्याची शाश्वती नसल्याने खुंटांना ताणलेल्या तारांवर ते टांगून वाऱ्यावर वाळवण्याची रीत पिढ्यानपिढ्या चालत आली. आपल्याकडे मोसमी पावसानंतरचे ऊन हे एवढे मोठे भांडवल आहे की त्याची किंमत आपल्याला बहुधा कळतच नाही.

पात्याहून काडीचा प्रश्न अवघड. पाते पातळ असते, त्याच्या वजनाच्या मानाने पृष्ठभाग विस्तीर्ण असतो. काडी गोल आणि भरीव, शिवाय पानाच्या आवरकाने गुंडाळलेली, म्हणजे एका मेणकापडात गुंडाळलेले दुसरे मेणकापडच. म्हणून पाने चुरा होण्याइतकी वाळली तरी काडी ओली राहते, आणि काडी वाळेपर्यंत थांबावे तर सर्वांत पौष्टिक असलेली पाने तुटून जमिनीवर सांडतात. ज्वारीच्या ताटाकडे पाहिले तर हे अगदी उघड दिसते. आवरकावर आणि कांड्यांवर जी पांढरी भुकटी असते, बोट फिरवले की जी पुसली जाऊन खाली हिरवा रंग झळकतो, ती शुद्ध मेणाची भुकटी आहे. ज्वारीने कोरडवाहू रानात तग धरण्यासाठी जी शस्त्रे परजली त्यांतले हे एक, आणि ज्या वाणांत ही भुकटी नसते त्या वाणांची ताटे अधिक पाणी गमावतात. तेच शस्त्र काढणीनंतर शेतकऱ्याच्या आड येते. पेंढ्या बांधून, बुचाडे उभी करून, फाल्गुन-चैत्राच्या उन्हात दिवसच्या दिवस कडबा ठेवावा लागतो तो या गोड रसाने भरलेल्या आणि मेणाने लिंपलेल्या नळ्यांसाठी. कुट्टी केली की मात्र प्रत्येक तुकड्याची दोन्ही तोंडे उघडी पडतात आणि त्या उघड्या तोंडांतून निघणाऱ्या पाण्याला मेणाला विचारण्याची गरज उरत नाही.

या पहाऱ्यावर मात करण्याचे प्रयत्न विसाव्या शतकात नेटाने झाले. इंग्लंडमध्ये बर्कशायर परगण्यातील हर्ली येथे गवतशेतीच्या संशोधनासाठी एक स्वतंत्र संस्थाच होती, आणि तिथल्या संशोधकांनी गवतातून पाणी कोणत्या वाटेने जाते याचा अभ्यास वर्षानुवर्षे केला. पाने चिरडली, खरवडली, वाफवली किंवा मेण विरघळवणाऱ्या द्रवांत बुडवली, तर प्रयोगशाळेत ती किती तरी लवकर वाळतात हे दिसून आले. शेतावर मात्र द्रवांचा उपयोग करणे कोणाला परवडणार? म्हणून यंत्रे आली: कापलेले गवत दोन खाचदार रुळांमधून दाबून काढणारी, दांड्यांनी झोडपणारी, आणि पुढे इंग्लंडमध्येच, ताठ केसांच्या प्लॅस्टिकच्या कुंचल्यांनी काडी न मोडता तिचा पृष्ठभाग तेवढा ओरखडणारी. रानात दाताळ्याने गवत खालवर परतणारा आपला शेतकरीही थोड्या प्रमाणात तेच करीत असतो. परतण्याने खालची ओली बाजू वर येते हे तर खरेच, पण त्या घासाघाशीत मेणही ठिकठिकाणी झडते.

परंतु चिरडलेल्या गवताची दुसरी बाजू कोणी सांगितल्याखेरीज यंत्र घेऊ नये, असे मला वाटते. ज्या मेणाने पाणी आत कोंडले तेच पाऊस बाहेर ठेवत होते. न दुखावलेल्या, नुकत्याच कापलेल्या गवतावर परतीच्या पावसाची सर पडली तर बरेचसे पाणी घरंगळून जाते आणि पुढच्या उन्हात नुकसान भरून निघते. तीच सर चिरडलेल्या, ओरखडलेल्या गवतावर आली तर पाणी आत मुरते आणि जाताना विरघळलेली साखर व क्षार घेऊन जाते, आणि मागे उरतो तो बहुतांशी निःसत्त्व काडीकचरा. ज्या भागात आश्विनात सुद्धा आभाळाचा भरवसा धरता येत नाही, तेथे पहारा मोडण्याची घाई करण्यापूर्वी आभाळाकडे पाहणे भाग आहे. आणि आभाळ साथच देत नसेल, तर मुरघासाचा मार्ग आहेच. त्यात गवत पुरते वाळवायचे नसते, शेकडा ६५ च्या सुमारास पाणी राहील इतके सुकवून, कुट्टी करून, हवाबंद दाबून ठेवायचे असते, म्हणजे मेणाशी झगडण्याचा सर्वांत कष्टाचा टप्पाच टळतो.

यंत्राहून मला अधिक मोह पडला तो रसायनाच्या मार्गाचा, कारण त्याचे एक टोक थेट आपल्या सांगली जिल्ह्यात येऊन पोचते. ऑस्ट्रेलियात १९७० च्या दशकात टलबर्ग आणि अँगस या संशोधकांनी लसूणघासावर पोटॅशियम कार्बोनेटचे द्रावण फवारून पाहिले आणि तो घास पुष्कळ लवकर वाळतो असे त्यांना आढळले. ही कल्पना द्राक्षांवरून सुचण्याजोगी होती. द्राक्षावरही धुक्यासारखी पांढरी झाक असते ती मेणाचीच, आणि त्या मेणामुळे अख्खे द्राक्ष वाळवणे हे गवत वाळवण्याहूनही चिकाटीचे काम ठरते. तासगावच्या बाजूला फेब्रुवारी ते एप्रिल या काळात गेलेल्या वाचकांनी बेदाण्याच्या शेड पाहिल्या असतील: जाळ्यांचे एकावर एक मजले, त्यांवर पसरलेले मणी, आणि बाजूला द्रावणाची टाकी. त्या द्रावणात दर लिटर पाण्यामागे साधारण २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलिलिटर इथाइल ओलिएट, ज्याला तिकडे सर्वजण डिपिंग ऑइल म्हणतात, मिसळलेले असते. घड त्यात काही मिनिटे बुडवून काढतात. साल फाटत नाही, मण्याचा आकार बिघडत नाही; पण हे तेल मेणाच्या पापुद्र्यांमध्ये शिरून त्यांची घट्ट रचना विस्कटते, पाण्याला वाट मिळते, आणि एरवी महिनाभर रेंगाळणारे काम पंधरा दिवसांच्या आसपास उरकते. रोमन कृषिलेखक कॉलुमेला याने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच राखेच्या उकळत्या निवळीत, थोडे तेल घालून, द्राक्षे बुडवण्याची कृती लिहून ठेवली आहे. आणि लाकडाच्या राखेतून पाण्यात उतरणारा मुख्य क्षार पोटॅशियम कार्बोनेटच असतो. मेण म्हणजे काय हे ठाऊक नसताना, केवळ निरीक्षणाच्या बळावर, माणसाने त्याच्यावर उपाय शोधलेला होता.

लसूणघासावर यशस्वी झालेला हा उपाय खऱ्या गवतांवर मात्र फारसा लागू पडला नाही. एका कुळातील वनस्पतींचे मेण दुसऱ्या कुळाच्या मेणासारखे नसते. जे औषध एकावर चालते ते दुसऱ्याच्या पृष्ठभागावरून निष्फळ ओघळून जाते. मारवेल, पवना किंवा कुसळी यांसारख्या आपल्या गवतांसाठी ऊन, वारा आणि दाताळे हीच आजही खरी साधने आहेत.

वाळल्यावरही हे मेण नाहीसे होत नाही. गवताने शाकारलेल्या छपरावरून पावसाचे पाणी ओघळून जाते त्यात उताराचा वाटा मोठा, पण काडीवर टिकून राहिलेल्या मेणाचाही हात आहे. आणि गंजी रचणारा जाणता मनुष्य वरच्या थरातील काड्यांची टोके बाहेरच्या बाजूला झुकती ठेवतो तो याच गुणाचा लाभ घेण्यासाठी. इतकेच नव्हे, गाईच्या पोटातूनही या मेणाचा बराच भाग न पचता बाहेर पडतो, आणि स्कॉटलंडमधील संशोधकांनी १९८० च्या दशकात शेणातील या साखळ्या मोजून जनावराने रानात किती गवत खाल्ले याचा अंदाज काढण्याची पद्धत बसवली. ज्या वस्तूने पाण्याला अडवले, तिने पचनालाही दाद दिली नाही.

ओले गवत गंजीत गेले तर काय होते, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना सांगावयास नको. काड्यांत कोंडलेल्या ओलाव्यावर बुरशी आणि सूक्ष्मजंतू वाढतात, त्यांच्या श्वसनाने गंजीचा गाभा तापतो, आणि गाभ्यातील उष्णतेला बाहेर पडण्यास वाट नसेल तर ती चढत चढत अशा थराला जाते की बाहेरून कोणी ठिणगी न टाकताही गंजी पेटते. वाळले गवत ही सांभाळण्याची दौलत आहे हे छत्रपती शिवाजी महाराजांच्या चिपळूणजवळच्या हलवर्ण येथील छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रातही दिसते. १६७० नंतरच्या त्या धामधुमीच्या वर्षांत, पावसाळा तोंडावर असताना, दाणा-वैरण जपून वापरा, गवताजवळ विस्तव येऊ देऊ नका, रात्री दिवा जळता ठेवाल तर उंदीर वात ओढून नेईल आणि सारी वैरण जळून घोडी उपाशी मरतील, अशी बारीक ताकीद त्यात दिली आहे. राज्याच्या धन्याला उंदराच्या तोंडातील वातीपर्यंत विचार करावासा वाटला, कारण एकदा जळालेली वैरण पुढचे गवत वाढून, कापून, वाळून येईपर्यंत परत मिळण्याची तजवीज कोणालाही करता आली नसती.

पालघरकडच्या त्या माळावर तिसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा गेलो, तेव्हा कापणीवाल्यांतील एक म्हातारे गृहस्थ ओळीओळीने हिंडून ठिकठिकाणची काडी उचलून पाहत होते. पाते ते पाहतही नव्हते. काडी डाव्या हातात धरून तिच्या पेऱ्यापासून खालपर्यंत उजव्या अंगठ्याचे नख जोराने ओढीत, आणि नखाखाली साल सुटून आली की मान हलवून ती काडी टाकून देत. साल सुटते याचा अर्थ तिच्याखाली अजून ओल आहे. वाळलेल्या काडीची साल आतल्या भागाला घट्ट धरून बसते, नखाने सुटत नाही. माळाच्या वरच्या, वाऱ्याच्या अंगाला असलेल्या चार-सहा ओळींत त्यांच्या नखाला काहीच लागले नाही. "ह्या बांधा," एवढेच ते बायांना म्हणाले, आणि खालच्या सखल ओळींकडे दाताळे घेऊन वळले.